उभ्या ट्रॅक्टरचं जाम इंजिन

वाड्यामागं, गोठ्याच्या कडेला, बांधावरच्या बाभळीखाली वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर आपल्याकडच्या बहुतेक गावांत एखादा तरी सापडतो. कुठं बी-२७५, कुठं मॅसी १०३५, कुठं एचएमटी झेटर. घरात वाटण्या झाल्या, मुलगा नोकरीला शहरात गेला, नाहीतर नवा ट्रॅक्टर दारात आला आणि जुना मागं पडला. मग एखाद्या हंगामात गरज लागते. बॅटरी आणून जोडतात, सेल्फ मारतात. ‘टक्’ एवढाच आवाज येतो आणि इंजिन जागचं हलत नाही. जमलेल्यांपैकी एक जण म्हणतो, भंगारात घाला. मिस्त्री म्हणतो, पूर्ण खोलावं लागेल, पिस्टन-लायनरचं किटच टाकावं लागेल. माझं म्हणणं असं, की इंजिन का चिकटलं हे कळल्याशिवाय दोन्ही सल्ले मानू नयेत. उभ्या उभ्या चिकटलेली इंजिनं कितीतरी वेळा डिझेल, धीर आणि घरातल्या पान्यांवर सुटतात.

अशा ट्रॅक्टरवर मेहनत घेण्यात अर्थ आहे, कारण ही यंत्रं दुरुस्तीला सोपी बनवलेली आहेत. महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली स्थापन झाली आणि १९६५ पासून बी-२७५ भारतीय शेतात उतरला. त्याचं मूळ इंजिन इंग्लंडमधल्या घडणीचं : चार सिलिंडर, साधारण ३५ अश्वशक्ती, ओतीव लोखंडाचा जाड ब्लॉक. पिंजोरच्या एचएमटीनं १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर ट्रॅक्टर काढले, तर मद्रासच्या टॅफेनं मॅसी फर्ग्युसन गावोगावी नेले. या कोणत्याही इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. बंद पडण्याचं कारण डोळ्यानं दिसतं किंवा हाताला लागतं. रिंगा, गॅस्केट, बेअरिंग हे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात आजही मिळतात.

इंजिन चिकटतं ते मुख्यतः दोन तऱ्हांनी, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. पहिली तऱ्हा चालता चालता चिकटण्याची. रेडिएटरमधलं पाणी संपलं, किंवा तेलाचा दाब गेला आणि कुणी पाहिलं नाही. पिस्टन अॅल्युमिनियमचा, लायनर ओतीव लोखंडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ९० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन नेहमीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापला तर सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतो, लायनर वाढतो फक्त ०.१. पिस्टन आणि लायनर यांच्यात मोकळी जागा मुळातच एवढीशी असते. ती संपली की पिस्टनचा मऊ धातू लायनरला पुसला जातो. तेलाविना बेअरिंग जळलं तर तेही क्रँकला धरून बसतं. असं इंजिन थंड झाल्यावर एखाद वेळी फिरतंही, पण आत ओरखडे पडलेले असतात. त्यात डिझेल ओतून काही साधत नाही. ते खोलावंच लागतं. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा : शेवटचा कधी चालला आणि कसा बंद झाला? “शेतातच धूर काढून थांबला” असं उत्तर आलं, तर हे प्रकरण तुमच्या कामाचं नाही. “चांगला चालत येऊन उभा राहिला, मग कुणी लावलाच नाही” असं आलं, तर पुढं वाचा.

दुसरी तऱ्हा गंजाची. तिचा चोर बहुतेकदा सायलेन्सरच्या उभ्या नळीतून आत शिरतो. नळीवरचं झाकण कधीच पडलेलं असतं आणि पाऊस सरळ आत उतरतो. चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबलं तरी एखाद-दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. पाणी त्याच वाटेनं पिस्टनच्या डोक्यावर जाऊन साचतं. रिंगा आणि लायनर दोन्ही ओतीव लोखंडाचे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि रिंग व लायनर यांच्यामधली फट तर केसाएवढीसुद्धा नसते. तिथं गंज धरला की दोन्ही भाग एकजीव होतात. यातच आशेची गोष्टही आहे : चार सिलिंडरपैकी बहुधा एक किंवा दोनच असे धरलेले असतात, बाकीचे तेलाच्या थराखाली शाबूत असतात. पाणी याशिवाय हेड गॅस्केट फुटूनही येतं, पण ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तेलात दिसतं.

म्हणून पहिला ‘टक्’ आवाज आला की सेल्फ परत मारू नका. ही सूचना मी सगळ्यांत वर ठेवतो. पिस्टनवर पाणी साचलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. सेल्फच्या जोरानं शेजारचे पिस्टन फिरले आणि पाण्याचा पिस्टन वर आला, तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. एवढा वेळ फक्त गंजलेलं असलेलं इंजिन त्या एका क्षणात मोडलेलं होतं.

त्याहून मोठा घात ट्रॅक्टर ओढून करतात. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावायची, याला गिअरमध्ये टाकायचं आणि झटका द्यायचा. गावात हा उपाय इतका सर्रास चालतो, की न करणारा माणूस भित्रा ठरतो. पण मागची मोठी चाकं जमिनीला धरून फिरली की त्यांचा सगळा जोर क्रँकवर येतो, आणि जो पिस्टन सुटायला तयार नाही त्याचा रॉड वाकतो, रिंगेचे तुकडे होतात. चिकटलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडला तर तोही गेला. शंभर रुपयांच्या डिझेलनं सुटलं असतं ते इंजिन ओढल्यामुळे लेथवाल्याकडं जातं. कुणी कितीही आग्रह केला तरी साखळी लावू देऊ नका.

काम सुरू करताना जाम नेमकं काय आहे ते आधी ठरवा. कधी कधी इंजिनाचा दोष नसतोच. सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलेलं असतं, वॉटर पंप किंवा डायनामो गंजून पट्ट्याला धरून असतो, नाहीतर गिअर न्यूट्रलला नसतोच. बॅटरीची वायर काढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, फॅन बेल्ट उतरवा, सेल्फ खोलून बाजूला ठेवा. एवढ्यावर क्रँक हातानं हलला तर हे प्रकरण तुम्हाला फुकटातच पडलं. सेल्फ काढल्यानं आणखी एक सोय होते : त्याच्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते दिसतात, आणि पुढं पहार लावायची ती तिथंच.

मग चेंबरचा प्लग अगदी सावकाश ढिला करा. पाणी तेलाच्या तळाशी बसतं, त्यामुळे असलं तर तेलाआधी तेच गळतं. स्वच्छ काळं तेल आलं तर मनावरचं अर्धं ओझं उतरलं. तेल पांढरट, दुधाळ दिसलं तर पाणी तेलात घुसळलं गेलं आहे. म्हणजे शेवटी इंजिन चालू असतानाच हेड गॅस्केट किंवा लायनरची रबरी रिंग गेली होती. असं इंजिन सुटलं तरी हेड खोलल्याशिवाय चालवण्यात हशील नाही.

आता नोझल काढायचे. डिझेलच्या बारीक नळ्या सोडवल्याबरोबर दोन्ही तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधा. पंपात गेलेला धुळीचा कण इंजिनाच्या गंजापेक्षा महाग पडतो. नोझल भोकात घट्ट बसलेले असतात. भोवती डिझेल सोडून रात्रभर ठेवा, मग डावीकडं-उजवीकडं थोडं थोडं फिरवत वर घ्या. खालून पहार घालून उचकटलं तर नोझलची मान तुटते आणि हेड उतरवण्याची पाळी येते. बाहेर आल्यावर तांब्याचे वायसर नवे घ्यायचे हे मनात ठेवा.

नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं. निव्वळ डिझेलही काम करतं, फक्त वेळ घेतं. अर्धं डिझेल आणि अर्धं पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल हे मिश्रण मला सर्वांत पसंत आहे, कारण ते स्वस्त असतं आणि उडून जात नाही. काही मिस्त्री लाल तेलात अॅसिटोन मिसळतात. ते बारीक फटीत फार लवकर शिरतं हे खरं, पण अॅसिटोन चटकन पेट घेतं आणि बंद शेडमध्ये त्याची वाफ साचते. वापरायचंच असेल तर उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. पेट्रोल मात्र कधीही नको.

तेल ओतल्यावर जे पाहायला मिळतं त्यातून आतली हकिकत कळते. एखाद्या सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल रातोरात गायब झालं, तर तिथल्या रिंगा मोकळ्या आहेत आणि ते रिंगांवरून चेंबरमध्ये उतरलं आहे. किंवा तिथला व्हॉल्व्ह उघडा असून ते मॅनिफोल्डमध्ये गेलं आहे. ज्या सिलिंडरची पातळी तारेनं मोजली तर दिवसेंदिवस तेवढीच राहते, तो तुमचा गुन्हेगार. मी पाहिलेल्या एका बी-२७५ मध्ये पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर दुसऱ्या सकाळी रिकामे होते, तिसरा काठोकाठ भरलेला. सायलेन्सरवरचं झाकण गेलेलं होतं आणि पावसाळे त्यातून आत गेले होते. मालक इंजिन विकायला निघाला होता. प्रत्यक्षात इंजिनाचा एक चतुर्थांश भागच धरलेला होता. बी-२७५ सारख्या प्री-चेंबरच्या इंजिनात नोझलखाली आधी वेगळी छोटी खोली असल्यानं भोकातून टॉर्च मारून पिस्टन दिसत नाही, त्यामुळे तिथं तेलाची ही पातळीच आपला डोळा.

आता थांबायचं. थांबण्यासाठी पैसा लागत नाही, तरी लोकांना तेच अवघड जातं. आठवडा, दोन आठवडे, कधी महिनाही लागतो. रोज जाऊन कमी झालेलं तेल भरायचं आणि पहारीनं क्रँक पुढं आणि मागं दोन्हीकडं दाबून पाहायचा. पुली आवळणाऱ्या नटावर पाना लावून फिरवणार असाल तर आवळण्याच्या दिशेनंच. उलट फिरवलं तर क्रँक जागीच राहतो आणि नट ढिला होतो. पान्याला लांब पाइप चढवून तिघांनी लोंबकळायचं नाही. एका माणसाच्या बेताच्या जोरानं हलत नसेल, तर वेळ अजून आलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. झटका नको, ठोका नको, फक्त सततचा दाब.

सुटण्याचा क्षण नाट्यमय नसतो. फ्लायव्हीलचा एक दाता सरकल्यासारखा वाटतो, आपल्यालाच भास झाला असं वाटतं. दात्यावर खडूनं खूण करा म्हणजे खात्री पटेल. एक दाता पुढं गेला की लगेच तसाच पुढं रेटायचा मोह होतो. ते करू नका. मागं आणा, परत पुढं न्या. पिस्टनच्या वर लायनरवर गंजाचा थर असतो. रिंगा त्यात घुसल्या तर पुन्हा अडकतात, नाहीतर तुटतात. पुढं-मागं करताना तेल त्या थरात जातं आणि गंज भुसभुशीत होऊन सुटतो. एका दात्याचे दोन होतात, दोनाचे पाच, आणि मग एका संध्याकाळी पूर्ण फेरा बसतो.

महिनाभरानंही काही हललं नाही तर हेड उतरवायचं. त्याचे नट कडेकडून मधे असे थोडे थोडे ढिले करायचे आणि बसवताना मधून कडेकडं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचे. पुश रॉड काढताना ओळीनं पुठ्ठ्यात खोचून ठेवा, कारण जो ज्या जागेवर घासला आहे तो तिथंच परत गेला पाहिजे. हेड निघालं की चिकटलेला सिलिंडर लांबूनही ओळखू येतो : बाकीचे काळपट चकचकीत, हा तांबूस आणि खरखरीत. पिस्टनच्या वरचा गंज आधी पॉलिश पेपर आणि डिझेलनं पूर्ण साफ करा. ही पायरी वगळून ठोकाठोकीला लागणारा माणूस पिस्टनला पुढच्याच गंजात ठोकत असतो.

ठोकण्यासाठी बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाचा, सिलिंडरच्या तोंडात सैल बसेल असा गोल ठोकळा करून घ्या. लोखंड अॅल्युमिनियमवर थेट कधीच नाही. घण घालायचा नाही. मध्यम हातोडीचे हलके, पुष्कळ ठोके द्यायचे, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं पहारीवर दाब धरायचा. गंज कंपनानं सुटतो, दणक्यानं नाही. एक गोष्ट मात्र बारकाईनं पाहा. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा या जोड्या बरोबर वर-खाली होतात. चिकटलेला पिस्टन अगदी वरच्या टोकाला असेल तर रॉड आणि क्रँक एका सरळ रेषेत आलेले असतात. तिथं कितीही ठोकलं तरी क्रँक फिरत नाही, सगळा मार बेअरिंगवर जातो. पिस्टन मधल्या उंचीवर असेल तरच ठोक्याचं वळण क्रँकला मिळतं.

एकच पिस्टन हट्टाला पेटला असेल तर खालून चेंबर उतरवून त्या एकट्याची बिग एंडची कॅप काढा. क्रँक लगेच मोकळा होतो आणि बाकीच्या तिघांवरचा संशय फिटतो. कॅप आणि रॉड यांच्यावर आधीच पंचनं नंबरची खूण करा. दोघांची जोडी एकत्र घडवलेली असते, ती बदलली किंवा उलटी बसली तर बेअरिंग टिकत नाही. झेटरसारख्या इंजिनात लायनर वेट असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. तिथं पिस्टन लायनरसकट बाहेर काढता येतो आणि एका सिलिंडरचाच संच बदलून भागतं. पण याच इंजिनांत हेड काढलेलं असताना क्रँक फिरवायचा असेल तर बाकीचे लायनर पट्ट्या लावून दाबून धरा. नाहीतर पिस्टनबरोबर लायनर वर उचलला जातो, खालच्या रबरी रिंगा जागा सोडतात आणि नंतर पाणी तेलात उतरतं.

लायनरवर बोट फिरवून पाहा. डाग दिसतो पण नखाला लागत नाही, तर बारीक होनिंग करून तोच लायनर चालेल. नख अडकेल एवढे खड्डे रिंगेच्या वाटेवर पडलेले असतील तर तो एक लायनर, पिस्टन आणि रिंगा बदला. मिस्त्री चारही बदलायला सांगेल. बाकीचे तीन मापात असतील तर मी एकच बदलेन. घरच्या कामाचा, वर्षातून थोडेच तास चालणारा ट्रॅक्टर त्यावर चांगला चालतो. रोज भाड्यानं नांगरणी करायची असेल तर मिस्त्रीचं ऐका.

इंजिन फिरू लागलं की लगेच स्टार्ट करण्याची घाई होते. त्याआधी टॅपेट कव्हर उघडून हातानं पूर्ण दोन फेरे द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून मिटतो ना ते पाहा. व्हॉल्व्ह खाली जाऊन वर न येता तिथंच राहिला तर पिस्टन त्याला धडकणार. त्याच्या दांड्यावर तेल सोडून हलक्या ठोक्यांनी तो मोकळा करून घ्या. सिलिंडरमध्ये ओतलेलं बरंचसं डिझेल चेंबरमध्ये उतरून तेल पातळ झालेलं असतं, म्हणून तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि शक्य असेल तर चेंबर उतरवून तळाचा गंजाचा गाळ पुसून काढा. मग सेल्फ आणि बॅटरी परत जोडून, नोझल न लावताच सेल्फ मारा, म्हणजे पिस्टनवर उरलेलं तेल भोकांतून बाहेर उडेल. त्या वेळी भोकांवर वाकून पाहू नका. तेल जोरात, तुषार होऊन येतं. डोळ्याला इजा करतं आणि ठिणगीनं पेटतं.

डिझेलचा पंपही इतकी वर्षं उभाच होता. त्याच्या आतली रॅक किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण डिझेलच्या जागी चिकटलेला असेल, तर इंजिन स्टार्ट होताच आपोआप वेग घेत सुटतं आणि स्टॉपची दोरी ओढून बंद होत नाही. असं पळालेलं इंजिन काही क्षणांत स्वतःला फोडून घेऊ शकतं. म्हणून पंपाचा लिव्हर आणि स्टॉप मोकळे आहेत याची खात्री करा, टाकीतलं जुनं डिझेल काढून नवं भरा, एअर काढा आणि पहिल्या स्टार्टच्या वेळी एक माणूस हवेच्या पाइपशेजारी जाड फळी घेऊन उभा करा. इंजिन पळालं तर त्यानं फळी पाइपच्या तोंडावर दाबायची. हवा तुटली की डिझेल इंजिन थांबतंच. हाताचा पंजा त्या तोंडाशी नेऊ नका.

स्टार्ट झाल्यावर डोळे तेलाच्या मीटरवर ठेवा. दाब चढला नाही तर लगेच बंद करा. पांढरा-निळा धूर सुरुवातीला भरपूर येतो, कारण आत तेल आहे आणि रिंगा अजून खाचेत अडकलेल्या आहेत. त्या हलक्या कामावर हळूहळू सुटतात. म्हणून पहिल्याच दिवशी नांगर जोडू नका. रिकामी ट्रॉली, पाण्याचा टँकर असं काम द्या. दहा-पंधरा तास चालल्यावर तेल पुन्हा बदला. हा दुसरा बदल लोक वाचवतात, पण पहिल्या काही तासांत सुटलेला गंज त्याच तेलात असतो. त्यानंतरही धूर हटला नाही आणि तेल कमी होत राहिलं, तर रिंगांचा खर्च करावाच लागेल. मात्र तेव्हा तुम्हाला इंजिन चालतं हे माहीत असतं, पंप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग तपासलेली असतात, आणि मिस्त्रीशी बोलताना कोणता भाग का बदलायचा हे तुम्ही विचारू शकता.

आणि तुमचा ट्रॅक्टर अजून जाम झालेला नसेल, नुसताच उभा असेल, तर आजच त्याच्या सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाला आणि दर महिन्याला डबा काढून ट्रॅक्टर गरम होईपर्यंत चालवा.